दारकऱ्याच्या गोष्टीतला उंट

“उंट नव्हता! याकूब, त्या मठाच्या शंभर कोसांत उंट नव्हता!”

तू ओरडत होतास. दुबईत, मीना बाजारातल्या माझ्या कापडाच्या दुकानात, ऐन धंद्याच्या वेळी, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना. तुझा आवाज असा चढला की वरच्या फळीवरचे जॉर्जेटचे तागे आपोआप उलगडले, खाडीत निम्म्या वाटेवर गेलेली अब्रा होडी घाबरून परत फिरली, आणि पलीकडे देऱ्यात तीन सोनारांनी शटर ओढली. अस्तर बघायला आलेल्या बाईंनी हातातला तुकडा खाली ठेवला आणि मला हळूच विचारलं, “भाईसाब, कुछ चोरी हो गया क्या?”

“चोरी नहीं भाभी, ऊंट घुस गया,” मी म्हटलं.

तू त्यांच्याकडे वळलास आणि त्यांना मराठी येतं की नाही हे न विचारता समजावू लागलास. “तुम्हीच सांगा बाई. आठशे वर्षांपूर्वीचा मठवासी संत. युरोपातला डोंगर. गुडघाभर बर्फ. तिथे उंट कुठून येईल?”

“व्यापाऱ्याचा होता,” मी म्हटलं. “वाट चुकला.”

“वाट चुकून उंट समुद्र ओलांडतो?”

“आपण नाही ओलांडला?”

तेव्हा तू हसलास. स्टुलावर बसलास, रुमालानं मान पुसलीस, खिशातलं पेन काढलंस आणि म्हणालास, “उंट काढ. बाकीचं राहू दे.”

इनास, त्या वाक्यासाठीच तर मी उंट आणला होता.

आता तू गेलास त्याला सव्वीस दिवस झाले, तर आमच्या धंद्याची गोष्ट तुला सांगून टाकतो. जिवंतपणी सांगितली असती तर तू माझ्याकडून हातरुमालसुद्धा घेतला नसतास. कापड विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला भांडायला काहीतरी द्यावं लागतं. ‘हे रेशीम शेखसाहेबांच्या आत्यासाठी जपानहून मागवलं होतं, त्यांनी नुसतं गालाला लावून परत केलं,’ असं एक धडधडीत काहीतरी ठोकून द्यायचं. गिऱ्हाईक त्या आत्यावर तुटून पडतं. आपण हळूहळू माघार घ्यायची. आत्या जाते, गाल जातो, जपान जातो. गिऱ्हाईक जिंकतं, आणि जिंकलेला माणूस उरलेला माल उलटून बघत नाही. तुझ्या संताच्या मरणाची गोष्ट मी तुला तशीच विकली. उंट तू काढलास. बाकी सगळं घेतलंस. आणि बाकी सगळंही माझंच होतं.

तो संत म्हणजे कोण, हे मला तू सांगितलंस ते बर दुबईतल्या त्या खोलीत. सत्तावीस वर्षं झाली. एका खोलीत नऊ माणसं. मी लोकांना सांगताना एकोणतीस सांगतो, पण तुला खोटं सांगून उपयोग नाही, तू खालच्या पलंगावर होतास. नऊ जणांत मराठी वाचणारे आपण दोघंच. तू वसईचा ख्रिस्ती, मी श्रीवर्धनचा मुसलमान. तुझ्या उशाखाली एक पुस्तिका असायची, कव्हर गेलेली, टाचण्या गंजलेल्या, आईनं बॅगेत घातलेली. तुला ती कुणाला तरी वाचून दाखवायची होती, आणि मला पगार होईपर्यंत दुसरी करमणूक परवडत नव्हती. त्या संताचं खरं नाव लॅटिन होतं, तुझ्याही जिभेवर ते नीट बसायचं नाही. मठाचं दार राखायचा म्हणून पुस्तिकेनं त्याला ‘दारकरी’ म्हटलं होतं. आपणही तेच म्हणायला लागलो. वर्षभरात तो आपल्या खोलीतला दहावा माणूस झाला. भाडं न देणारा.

मेंढपाळाचा मुलगा. मठात घेतला, पण डोक्यात अक्षर शिरेना, प्रार्थना पाठ होईना, गायला लागला की मठातली मांजरं भिंतीवर चढायची. (मांजरं माझी. तीही तू काढली होतीस.) शेवटी महंतांनी कंटाळून त्याला दारावर बसवला. तिथे तो म्हातारा होईपर्यंत बसला. कुणीही ठोठावलं की उठायचा, उघडायचा, भाकरी द्यायचा. नियम असा की सांजप्रार्थनेची घंटा झाली की दार उघडायचं नाही. एकदा बर्फाच्या वादळात घंटेनंतर कुणीतरी ठोठावलं, यानं उघडलं, तो निघाला दरोडेखोर. वेदीवरचे चांदीचे दिवे घेऊन गेला. महंतांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, दार कुणी उघडलं? हा म्हणाला, “मी उघडलं.” कारण नाही, सबब नाही. शिक्षा म्हणून त्याला एक हिवाळा दाराबाहेर काढला. तर हा बाहेर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा की दोनदा हळू ठोठावा आणि तिसऱ्यांदा जोरात, आतला नवा माणूस जरा ऐकायला कमी आहे.

या दरोडेखोरावरून आपण किती भांडलो! मी म्हणायचो, दारावर बसलेल्या माणसानं आधी बघायला नको का, कोण आलंय ते? मी दुकानदार माणूस, गिऱ्हाईक पायरी चढतं तेव्हाच मला कळतं की हे नुसता हात लावून जाणारं आहे. तू म्हणायचास, “कोणी आत यावं हे ठरवणं दारकऱ्याचं काम नाही. त्याचं काम उठायचं.” मी म्हणायचो, मग कुत्रासुद्धा उठतो. तू म्हणायचास, “तू उठतोस का?” हे भांडण आपण सत्तावीस वर्षं भांडलो आणि मिटवलं नाही. आता मिटवायचं म्हटलं तर मी एकटाच उरलोय आणि दोन्ही बाजू मला पाठ आहेत.

तू स्वतः गेटवरच होतास ना. कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या यार्डाचा टाइमकीपर. तुझ्या घड्याळावर दुबईचा सूर्य उगवायचा, हे मी सगळ्यांना सांगत आलो आणि ते फारसं खोटं नाही. एका जुलैत कामगारांची बस वाळूत अडकली, साठ माणसं दीड तास चालत आली. तू सगळ्यांना वेळेवर हजर लावलंस. मॅनेजर तुझ्यावर असा ओरडला म्हणे की यार्डातल्या क्रेनचा दांडा वाकला. हे कुणी केलं, त्यानं विचारलं. तू म्हणालास, “मी लिहिलं.” बस्स. मी तुला त्या दिवशी गाढव म्हटलं होतं. मनातून मला तुझा हेवा वाटला होता. मी असतो तर त्या बसला पंख फुटल्याचं तरी सांगितलं असतं.

आणि माझे वडील गेले तेव्हा माझा पासपोर्ट कागदपत्रांसाठी माझ्या तेव्हाच्या कंपनीकडे अडकला होता, मला जाता आलं नाही. मशिदीत मी नमाजाला उभा राहिलो आणि तू बाहेर पायरीवर माझ्या चपला मांडीवर घेऊन बसलास. चपला कुणी नेत नाही रे तिथे, मी नंतर म्हटलं. तू म्हणालास, “मला दुसरं काय करता येण्यासारखं होतं?” इनास, मला हे वाक्य तेव्हा कळलं नव्हतं. आता सव्वीस दिवस मी तेवढंच एक वाक्य म्हणतोय.

पण पुस्तिकेचं राहिलं. तिचं शेवटचं पान नव्हतं. “त्या वर्षी हिवाळा लवकर आला. दारकऱ्यानं किल्ल्या कमरेला बांधल्या आणि” इथं पान संपायचं. पुढे काय झालं, तो कसा गेला, कुणालाच माहीत नाही. तुझ्या आईनं ते पान सुक्या बोंबलांच्या पुडीला वापरलं असणार, असं मी म्हटलं तेव्हा तू माझ्याशी दोन दिवस बोलला नाहीस. गावच्या फादरना तू पत्र लिहिलंस. त्यांनी जाडजूड ग्रंथ उघडून बघितला. संत आहे, सणाचा दिवस आहे, मृत्यूविषयी माहिती उपलब्ध नाही.

पुढे तुझं लग्न झालं, मर्सेलीन आली, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये घर झालं, लिआना झाली. दरवर्षी सणाआधी नऊ संध्याकाळी तुझ्या हॉलमध्ये दारकऱ्याची नोव्हेना व्हायची. वसईची चार घरं आणि मी. रोज प्रार्थना आणि त्यानंतर त्याच्या आयुष्यातला एक प्रसंग. पुस्तिकेत प्रसंग आठ. नवव्या संध्याकाळी तू ते अर्धं वाक्य वाचायचास आणि पुस्तिका मिटायचास. लिआना पाच-सहा वर्षांची होती. ती विचारायची, “देन व्हॉट, पप्पा?” तू म्हणायचास, “माहीत नाही, बाळा.”

‘माहीत नाही’ हा शब्द आमच्या खानदानात सात पिढ्यांत कुणी उच्चारलेला नाही. आमच्या आजोबांना कुणी समुद्राची खोली विचारली तर ते वितीत सांगायचे. तुझ्या तोंडून तो शब्द दरवर्षी ऐकणं मला झेपेना. तुझा चेहरा त्या वेळी असा व्हायचा, की गेटवर माणूस उभा आहे आणि तुझ्या यादीत त्याचं नाव नाही.

म्हणून मी गोष्ट आणली. इटलीची एक म्हातारी बाई नातीच्या लग्नासाठी टाफेटा घ्यायला माझ्या दुकानात आली, तिचं गाव त्याच डोंगराच्या पायथ्याशी, तिनं आजीकडून ऐकलेलं मला सांगितलं, असं मी म्हटलं. दारकरी फार म्हातारा झाला होता. बर्फाची सकाळ. दारावर तीन थापा पडल्या. दोन हळू, तिसरी जोरात. महिनाभर अंथरुणाला खिळलेला तो माणूस कुणाचा हात न धरता उठला, किल्ल्या घेतल्या, दार सताड उघडलं आणि म्हणाला, “या. तुमचीच वाट बघत होतो.” मठातले लोक आले तेव्हा दार उघडं होतं, तो स्टुलावर बसलेला, किल्ल्या मांडीवर. अंगावर बर्फाचा एक कण नाही. आणि बाहेर एक उंट उभा होता.

पुढचं तुला माहीत आहे. तू उंट काढलास. बाकीचं तुझ्या टाइमकीपरच्या अक्षरात लिहून घेतलंस, पान कापलंस, पुस्तिकेत शेवटी चिकटवलंस. मग पेनचं टोपण लावता लावता म्हणालास, “याकूब, असं जायला मिळालं पाहिजे. उठून. स्वतः दार उघडून.”

“मिळेल की,” मी म्हटलं. “इन्शाल्ला.” जसं काही त्या खात्याची एजन्सी माझ्याकडेच होती.

अकरा वर्षं ती गोष्ट नवव्या संध्याकाळी वाचली गेली. अकरा वर्षं मी तुझ्या सोफ्यावर बसून, मर्सेलीननं तळलेल्या गोड फुग्या खात, स्वतःची थाप धर्मग्रंथासारखी ऐकली. दरवर्षी ठरवायचो, या वेळी सांगतो. दरवर्षी तुझा चेहरा बघायचो. तेव्हा मी पार्किंगचं निमित्त काढून उठायचो, मशिनमध्ये नाणी टाकायला खाली पळायचो. तुला वाटलं, मला दंडाची धास्ती आहे. एका वर्षी तू माझा फोन ओढून घेतलास आणि कुठल्या नंबरला काय पाठवायचं ते मर्सेलीनसमोर मला तीनदा करून दाखवलंस. “आता बस जागेवर,” म्हणालास. “पार्किंगसाठी उठून जायची गरज नाही.” सगळे हसले. मीही हसलो. पुढच्या वर्षापासून मला जागेवर बसावं लागलं.

मग तुझी फुप्फुसं भरायला लागली. आधी जिना जड झाला, मग बोलणं, मग नुसतं बसणं. हॉस्पिटलच्या खोलीत तू पहिली गोष्ट काय मागितलीस, तर दार उघडं ठेवा. सिस्टर बिचाऱ्या आपल्या कामाच्या सवयीनं ओढून घ्यायच्या, तू हातानं खूण करायचास, मी उठून उघडायचो. यल्ला, चला, मी म्हणायचो, चार दिवसांत मी या दाराचा दारकरी होणार. तू मास्कच्या आतून हसायचास आणि मास्क धुरकट व्हायचा.

सुरुवातीला मला कळलं नाही. जेवणाचा ट्रे आणणाऱ्या बाईंनी टकटक केलं की तू कोपरावर उठायला बघायचास. सफाईवाला आला की तसंच. डॉक्टर आले की तसंच. ओठ हलायचे. मी कान जवळ नेला. तू ‘या’ म्हणत होतास. प्रत्येकाला. ट्रेला, मॉपला, ब्लडप्रेशरच्या मशिनला. आणि ते आत येऊन आपलं काम करून निघून गेले की पुन्हा उशीवर पडायचास, यादीत नाव न सापडलेल्या माणसासारखा.

मी तुला विकलेली गोष्ट तू अंगावर घालून पडला होतास, इनास, आणि ती तुला कुठेच बसत नव्हती. मी कापडवाला. माप चुकलं तर बदलून देतो. हे कुठून बदलून देऊ?

एकदा तू म्हणालास, दोन शब्द आणि एक श्वास, दोन शब्द आणि एक श्वास असं करत, “इथे बर्फ नाही ना. म्हणून वेळ लागतोय.”

मी म्हटलं, “इनास, ती इटलीची बाई...”

तू डोळे मिटलेस. “कळलं, कळलं,” म्हणालास. “उंट नव्हता.”

यातून मी काय समजू? तू मला गप्प केलंस, की तुला खरंच कळलं होतं? सत्तावीस वर्षं तू माझं प्रत्येक वाक्य तपासलंस, मांजरं काढलीस, उंट काढला. त्या बाईला मात्र कधी हात लावला नाहीस. कधी एकदा तरी विचारलं होतंस का, की याकूब, इटलीहून टाफेटा घ्यायला कुणी मीना बाजारात येतं का? मी किती उत्तरं तयार ठेवली होती. तू विचारलंच नाहीस.

त्या मंगळवारी मर्सेलीन दुपारी घरी गेली, कपडे बदलायला आणि लिआनाला जेवायला घालायला. मी तुझ्याजवळ होतो. ती धावत परत आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि मला विचारलं, “कसं झालं?”

आणि माझं तोंड उघडलं. मी ते उघडलं नाही, इनास. ते आपोआप उघडलं, तागे उलगडावेत तसं. मी म्हटलं, चार वाजता दारावर टकटक झालं. इनास उठून बसला. कुणाचा हात न धरता. मास्क स्वतः काढला. दाराकडे बघून हसला. म्हणाला, “दार उघडं ठेव.” आणि मान टेकली. मी पुढे म्हटलं, आणि त्याच वेळी वॉर्डातले सगळे दिवे एकदम मोठे झाले, सिस्टर लोकांनी डोळ्यांवर हात धरले.

“दिव्यांचं राहू द्या, याकूबभाई,” ती म्हणाली.

तिनं उंट काढला. बाकीचं घेतलं.

मग ते माझ्या हातात राहिलं नाही. ती तुला घेऊन वसईला गेली. तिथे तुझ्या दफनाच्या मिस्सेला फादरनी ते वेदीसमोर उभं राहून सांगितलं. तुझ्या भावानं मला फोन केला, पुन्हा सांगा म्हणाला, आईला ऐकायचंय. स्पीकरवर घातलं. मी पुन्हा सांगितलं. तुझी आई पलीकडे नुसती ‘हां बाबा, हां बाबा’ करत होती. मी आयुष्यात हजार थापा मारल्या, ही एकच मध्येच तोडावीशी वाटली. आणि थांबताही येईना. उतारावरच्या ट्रकला विचार की बाबा, जरा थांबतोस का.

दोन आठवड्यांनी मायलेकी परत आल्या, लिआनाची परीक्षा होती. आल्या त्या दिवसापासून दारकऱ्याची नोव्हेना सुरू व्हायची होती. मी म्हटलं, या वर्षी राहू दे. मर्सेलीन म्हणाली, ते आजारात वहीत लिहून गेलेत, कुणी कुठला दिवस वाचायचा ते. नववा दिवस तुझ्या अक्षरात माझ्या नावावर होता.

काल नववा दिवस होता.

हॉलमध्ये तेच लोक, त्याच खुर्च्या. तुझी खुर्ची कुणी हलवली नव्हती आणि कुणी बसलंही नव्हतं. प्रार्थना झाली. मी पुस्तिका घेतली. ‘किल्ल्या कमरेला बांधल्या आणि’ इथपर्यंत छापलेलं, त्यापुढे तू चिकटवलेलं पान, तुझं अक्षर, माझी थाप. माझा आवाज, जो खाडीच्या पलीकडे जातो असं मी सांगतो, तो टीपॉयच्या पलीकडे जाईना. लिआना सोफ्याच्या हातावर बसून तोंडानं माझ्याबरोबर म्हणत होती. तिला पाठ आहे. ती मराठीत एवढीच एक गोष्ट न अडखळता म्हणू शकते.

संपल्यावर मर्सेलीननं एक पाकीट माझ्यासमोर धरलं. “कार्डाचा नमुना आलाय. महिन्याच्या मिस्सेला वाटायचं. उद्या प्रेसला हो म्हणून सांगायचंय. तुम्ही एकदा बघा.”

तुझा तो यार्डातला फोटो, पांढऱ्या शर्टातला. वर तुझं नाव. आणि खाली, काळ्या चौकटीत, ‘शेवटचे शब्द: दार उघडं ठेव.’

तोंडानं सांगितलेलं निदान वाऱ्यावर तरी जातं. हे छापून तुझ्या गावात घराघरांतल्या वेदीवर, काचेमागे उभं राहणार होतं. तुझी आई त्याच्यापुढे मेणबत्ती लावणार होती. तुझ्या तोंडात माझे शब्द, कायमचे. तुला कुणी विचारायचं नाही, तू काढू शकणार नाहीस. आणि मला तू आठवलास, गाल फुगवून, माझ्या दुकानात, भर दुपारी. पण ओरडायला तू नव्हतास. म्हणून मीच ओरडलो.

“छापू नका! तो असं बोलला नाही!”

मर्सेलीननं मान वर केली. कुणीतरी हातातली बशी खाली ठेवली.

“मग काय बोलले?” ती म्हणाली.

“म्हणाला, ‘चार वाजले. पार्किंग संपलं असेल. जा.’ एवढंच. मी गेलो. खाली गाडीत बसलो. एसी लावून बसलो. वीस मिनिटं. वर आलो तेव्हा पडदा ओढलेला होता.”

“यू वेअरन्ट देअर, अंकल?” लिआनानं विचारलं.

“नव्हतो, बेटा.”

“अँड द डोअर?”

इनास, महंतांनी दरोड्यानंतर विचारलं तसं तिनं विचारलं. आणि मला सबब शोधायची सवय, मी शोधलीही. सिस्टर, वारा, बिजागरी, सगळे रांगेत उभे होते. मी म्हटलं, “मी ओढून घेतलं. जाताना. सवयीनं. एसी जातो म्हणून. दार बंद होतं.”

मग बाकीचंही बाहेर आलं. कुणी उठला नाही, कुणी हसला नाही, कुणी टकटक केलं नाही. इटलीची बाई नव्हती. दारकरी कसा गेला ते मला माहीत नाही. इनास कसा गेला तेही माहीत नाही. सात पिढ्यांचा शब्द मी एका दमात दोनदा उच्चारला आणि छत काही कोसळलं नाही.

मर्सेलीननं माझ्या हातातून कार्ड घेतलं, पाकिटात सरकवलं, पाकिटाची कडा बोटानं दाबून बसवली. मग म्हणाली,

“पार्किंग मोबाइलवरून भरता येतं, याकूबभाई. तुम्हाला यांनीच शिकवलं होतं.”